हायपोथायरॉइडिझमवरील प्राणिज व संश्लेषित औषधे

अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीतून पुरेसे संप्रेरक स्रवेनासे झाले (हायपोथायरॉइडिझम) की ते बाहेरून पुरवावे लागते. हा पुरवठा दोन प्रकारच्या औषधांनी केला जातो : डुकराची (पूर्वी मेंढीची व गाईचीही) ग्रंथी चरबी काढून व वाळवून केलेल्या चूर्णाच्या गोळ्या, किंवा रासायनिक संश्लेषणाने तयार केलेले लेव्होथायरॉक्सिन सोडियम. पहिल्याला ‘नैसर्गिक’ व दुसऱ्याला ‘कृत्रिम’ म्हणण्याचा प्रघात दिशाभूल करणारा आहे, कारण लेव्होथायरॉक्सिन आणि मानवी ग्रंथीत तयार होणारे थायरॉक्सिन (टी-४) यांची रेणुरचना एकच असते. दोन्ही औषधांतील खरा भेद टी-४ व ग्रंथीचेच दुसरे संप्रेरक ट्रायआयोडोथायरोनिन (टी-३) यांच्या प्रमाणाचा आणि गोळीगणिक मात्रा सारखी राखण्याचा आहे.

प्राणिज उपचाराचा आरंभ कोणी केला याविषयी मतभेद आहेत. सातव्या शतकाच्या सुमाराच्या चिनी वैद्यकग्रंथांत गलगंडावर मेंढ्याची अवटू ग्रंथी देण्याचे उल्लेख असल्याचे विज्ञानेतिहासकार सांगतात. मात्र गलगंड असलेल्या प्रत्येक रुग्णात संप्रेरकाची उणीव असतेच असे नाही, त्यामुळे या उल्लेखांना आजच्या उपचाराचे मूळ मानणे धाडसाचे ठरेल. आधुनिक काळात विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांतील हायपोथायरॉइडिझमचे वर्णन केले आणि १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्याला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांत हीच लक्षणे दिसतात हे रेव्हर्डिन व कोखर या स्विस शल्यविशारदांच्या निरीक्षणांतून पुढे आले. १८९० मध्ये लिस्बन येथे बेटेंकूर व सेरानो यांनी एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेखाली मेंढीची ग्रंथी रोपली. सुधारणा लगेचच दिसू लागली. कलम रुजून रक्तपुरवठा सुरू होण्यास तेवढा अवधी पुरणे शक्य नसल्याने ग्रंथीतील रस शोषला जात असावा, असा तर्क त्यांनी केला.

पहिल्या यशस्वी उपचाराचे श्रेय बहुतेक संदर्भग्रंथ न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांना देतात. १८९१ मध्ये त्यांनी मेंढीची ताजी ग्रंथी बारीक चिरून ग्लिसरीन व सौम्य कार्बोलिक आम्लात मुरवली, उकळून घेतलेल्या रुमालातून पिळून काढली आणि तो अर्क रुग्णाच्या त्वचेखाली टोचला. ४६ वर्षांची ती स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. कल्पनेचा अग्रमान लिस्बनला व प्रमाणित पद्धतीचा मरे यांना द्यावा, हे अधिक न्याय्य दिसते. पुढच्याच वर्षी मॅकेन्झी व फॉक्स यांनी इंग्लंडमध्ये आणि हॉविट्झ यांनी कोपनहेगनमध्ये एकमेकांपासून स्वतंत्रपणे ग्रंथी तोंडावाटे देऊन पाहिली. फॉक्स ती किंचित परतून करंट या आंबट फळांच्या जेलीबरोबर खायला सांगत. इन्सुलिन पचनात नष्ट होते, थायरॉक्सिन टिकते. प्राण्यांच्या अवयवांपासून काढलेल्या अर्कांच्या त्या काळातील भाऊगर्दीत हाच अर्क खऱ्या अर्थाने टिकून राहण्याचे एक कारण हेही होते.

एडवर्ड केंडल यांनी डिसेंबर १९१४ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले. पुढे सुमारे तीन टन ग्रंथींतून त्यांच्या हाती जेमतेम ३३ ग्रॅम पदार्थ आला. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची रचना निश्चित केली व १९२७ मध्ये जॉर्ज बार्जर यांच्यासह संश्लेषण साधले. तरीही चूर्ण स्वस्त असल्याने आणि आरंभीचे संश्लेषित थायरॉक्सिन आतड्यातून नीट शोषले जात नसल्याने कित्येक दशके चूर्णाचाच वापर चालू राहिला. सोडियम क्षार १९४९ च्या सुमारास उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली. १९५२ मध्ये ग्रॉस व पिट-रिव्हर्स यांनी टी-३ चा शोध लावला. ग्रंथीच नसलेल्या व्यक्तींच्या शरीरातही टी-४ पासून टी-३ तयार होते, हे ब्रेव्हरमन, इंगबार व स्टर्लिंग यांनी १९७० मध्ये दाखवले आणि एकट्या लेव्होथायरॉक्सिनला सैद्धांतिक आधार मिळाला.

चूर्णावरील मुख्य आक्षेप प्रमाणीकरणाचा होता. अमेरिकी औषधकोशात त्याची कसोटी दीर्घकाळ एकूण आयोडीन हीच होती. परंतु ग्रंथीतील बरेचसे आयोडीन निष्क्रिय संयुगांत असते, त्यामुळे सारख्या आयोडिनाच्या दोन गोळ्यांचा परिणाम वेगळा होऊ शकत असे. १९८० च्या दशकात टी-४ व टी-३ थेट मोजण्याची पद्धत आल्यावर हा आक्षेप बराच सौम्य झाला. संश्लेषित औषधही निर्दोष नव्हते : त्याच्या गोळ्यांची शक्ती व टिकाऊपणा यांत तफावत आढळल्याने अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये उत्पादकांना रीतसर मंजुरी घेण्यास भाग पाडले. प्राणिज चूर्णाला अशी मंजुरी कधीच मिळालेली नाही.

एक ग्रेन (सुमारे ६० मिग्रॅ.) चूर्णात साधारण ३८ मायक्रोग्रॅम टी-४ व ९ मायक्रोग्रॅम टी-३ असते, म्हणजे प्रमाण चारास एक. मानवी ग्रंथीच्या स्रावात ते चौदास एकच्या आसपास मानले जाते. त्यामुळे मात्रा घेतल्यावर काही तासांत रक्तातील टी-३ वाढते व नंतर उतरते. वृद्ध व हृदयरोगी यांच्यात धडधड वा हृदयाची लय बिघडण्याचा धोका त्यातून संभवतो. गर्भाच्या मेंदूच्या वाढीस मातेचे टी-४ आवश्यक असल्याने गरोदरपणात चूर्ण टाळतात. टी-४ चा अर्धायुकाल (शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) सुमारे सात दिवस असल्याने लेव्होथायरॉक्सिनची रक्तपातळी स्थिर राहते.

तरी लेव्होथायरॉक्सिनवर टीएसएच (अवटू ग्रंथीला चालना देणारे, उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी रक्तात मोजले जाणारे संप्रेरक) योग्य पातळीत येऊनही थकवा, वजनवाढ वा उदासी कायम असल्याची तक्रार काही रुग्ण करतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७० रुग्णांवरील दुहेरी अंध (कोणते औषध चालू आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत लक्षणांच्या बाबतीत दोन्ही औषधांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. चूर्णावर वजन किंचित अधिक उतरले, आणि ३४ जणांनी चूर्ण, १३ जणांनी लेव्होथायरॉक्सिन पसंत केले, तर उरलेल्यांना आवडनिवड नव्हती. टी-४ चे टी-३ करणाऱ्या विकरातील (एन्झाइममधील) जनुकीय फरकाशी या पसंतीचा संबंध जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत, परंतु पुरावा एकसारखा नाही. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना लेव्होथायरॉक्सिनलाच प्रथम पसंती देतात.

भारतात ‘नैसर्गिक’ उपचार म्हणजे बहुधा कांचनार गुग्गुळासारखी आयुर्वेदिक औषधे असा अर्थ घेतला जातो. प्राणिज चूर्णाशी त्यांची गल्लत करू नये, कारण ग्रंथीचे संप्रेरक त्यांत नसते. चूर्णाचा स्रोत डुक्कर असल्याने शाकाहारी, मुस्लिम व ज्यू रुग्णांना ते अनेकदा वर्ज्य असते. महाराष्ट्रासह देशभर वापर लेव्होथायरॉक्सिनचाच असून ते सकाळी रिकाम्या पोटी, चहा-न्याहारीच्या किमान अर्धा तास आधी घेतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या मात्र त्यानंतर चार तासांनी घ्याव्यात.