दुसरा आवाज गोव्यातून आला

हिंदी चित्रपटगीतांमधल्या स्वरमेळाची (हार्मनीची, म्हणजे वेगवेगळे स्वर एकाच वेळी जुळवून ऐकवण्याची) गोष्ट आपण संगीतकारांपासून सुरू करतो. माझ्या मते ती गोव्यातल्या चर्चच्या शाळांपासून सुरू व्हायला हवी. पोर्तुगीज अमदानीत या पॅरिश शाळांमध्ये मुलांना सोल्फा (डो-रे-मी ही पाश्चात्य सरगम), व्हायोलिन आणि समूहगायन शिकवलं जाई. शेजारचा वेगळी ओळ गात असताना आपली ओळ न सोडणं, हे तिथे लहानपणीच अंगवळणी पडे. ही सवय चर्चपुरती राहिली नाही. लग्नघरात मांडो हे कोंकणी गीत रंगलं की एक आवाज चाल धरतो, दुसरा तिच्यासोबत पण वेगळ्या स्वरावरून चालतो. पहिला ‘सा’वर, तर दुसरा ‘ग’वर. खाली ठेका घुमट या मातीच्या तालवाद्याचा.

आपल्या रागसंगीतात तानपुऱ्याचा षड्ज-पंचम संवाद आहेच, पण गायकाची चाल एकच असते.

अशा शाळांत शिकून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले गोव्याचे वादक धोबी तलावच्या कुडांमध्ये (गावकऱ्यांच्या सामाईक वसतिगृहांत) राहिले, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागले आणि पुढे स्टुडिओत आले. फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईत शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचून देणारे, झाले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवे, अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीत) उतरवून प्रत्येक वाद्याची ओळ लिही. वादकासमोर फक्त स्वतःचा कागद. बाकीच्यांचं काय चाललंय ते कानानेच कळायचं. गायक आणि वाद्यवृंद एकत्रच रेकॉर्ड होत, त्यामुळे एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

अडचण खरी होती ती रागाची. गाण्याखाली जाड कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक स्वर) रचले की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, झाकली जाते, गंधाराची नजाकत हरवते. म्हणून जाणकार अरेंजर गायकाच्या मागे व्हायोलिन किंवा चेलोची, चालीला जोड देणारी एकच वेगळी सुरावट ठेवत, आणि वाद्यांचा भरणा अंतऱ्यांच्या मधल्या जागेत करत. या संयमाला मी त्यांची सर्वांत मोठी कमाई मानतो.

गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस याच्याही पुढे गेले. 1958 साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर बेतलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पडद्यावर अरेंजरचं नाव मात्र बहुतेक वेळा ‘सहाय्यक’ म्हणून येई, किंवा येतच नसे. अँथनींचं नाव घरोघर पोचलं ते 1977 मध्ये, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासोबत संगीत दिलेल्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या, त्यांचंच नाव असलेल्या गाण्यामुळे.