परातीतलं पिवळं पाणी आणि यकृतातली मोटार

परभणी-हिंगोलीकडं कुणाचे डोळे पिवळे दिसले की सल्ला ठरलेला: "आधी कावीळ उतरवून घ्या." जाणता माणूस हाताला कसलासा रस चोळतो, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो आणि परातीतलं पाणी पिवळंजर्द होतं. निघाली कावीळ!

तो रंग झाडाचा. आंब्याच्या सालीचा रस चोळला तर ठणठणीत माणसाच्या हातचं पाणीही पिवळं होतं.

कावीळीचा पिवळेपणा बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्याचा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडतात, त्यातून ते तयार होतं. पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून यकृतात येतं. तिथली पेशी त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडते, मग ते विरघळतं. पुढचं काम अवघड. पेशींमधल्या केसाहून बारीक पित्तनलिकेत ते आधीच दाटलेलं असतं, तरी आणखी तिथंच ढकलायचं. विहिरीचं पाणी वर चढवायला मोटार लागते, तसंच हे. इथली मोटार म्हणजे पेशीच्या आवरणातलं एमआरपी-२ हे प्रथिन, आणि वीज एटीपीची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची. ही मोटार जन्मतःच बिघडलेली असली, तर त्या डबिन-जॉन्सन आजारात यकृत चक्क काळपट दिसतं.

पित्ताबरोबर बिलिरुबिन पुढं आतड्यात जातं, तिथून बहुतेक शौचावाटे बाहेर. तळहाताकडं वाटच नाही.

मग उतरवून बरे झालेले? हिपॅटायटिस ए हा कावीळ आणणारा विषाणूचा आजार बहुतेकांचा आपोआपच बरा होतो. श्रेय परात घेऊन जाते. पण शौच पांढरट आणि लघवी गडद होत असेल, तर पित्ताच्या वाटेत खडा अडकलेला असू शकतो. तेव्हा गाडी सरळ दवाखान्याकडं वळवा.