ध्वनिप्रतिसादी दृश्ये

ध्वनिप्रतिसादी दृश्ये : प्रत्यक्ष वाजत असलेल्या संगीताचे त्याच क्षणी विश्लेषण करून, त्यातून निघालेल्या आकड्यांवर पडद्यावरच्या आकृत्या, रंग किंवा दिवे चालवण्याची पद्धत. मैफली, नृत्याचे प्रयोग आणि कलादालनांतील मांडणशिल्पे यांत ती वापरतात. आधीच तयार करून ठेवलेली चित्रफीत गाण्यासोबत लावणे यात मोडत नाही. वादकाने लय वाढवली, एखादी ओळ पुन्हा घेतली किंवा तो मध्येच थांबला, तर दृश्यानेही त्याच्याबरोबर बदलावे, ही यातली अट आहे.

ध्वनी आत घेण्याच्या दोन वाटा आहेत : सभागृहातला मायक्रोफोन किंवा सर्व वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवरून आलेली थेट तार. मायक्रोफोन लावणे सोपे, पण टाळ्या, खुर्च्यांची सरकासरक आणि भिंतींवरून परतणारा घुमारा हे सारे त्याला संगीतच वाटते. मिक्सरवरून प्रत्येक वाद्याची वेगळी वाहिनी मिळाली तर निम्मे काम तिथेच संपते. एकत्र झालेल्या ध्वनीतून ड्रमचा ठोका आणि गायकाचा स्वर वेगळे काढता येतात, पण त्यात वेळ जातो आणि निकालाची खात्री नसते.

संगणकाच्या लेखी ध्वनी म्हणजे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुन्यांची, म्हणजे लहरीच्या मोजमापांची, रांग. तिचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेला (सेकंदातील कंपनांच्या संख्येला; ती हर्ट्‌झमध्ये मोजतात) किती ऊर्जा आहे, हे जलद फूर्ये रूपांतराने काढतात. कूली आणि टूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या रीतीमुळेच हे गणित चालू मैफलीत करणे परवडते. १,०२४ नमुन्यांचा तुकडा सुमारे २३ मिलिसेकंदांचा असतो आणि त्यातून मिळणारे कंप्रतेचे पट्टे ४३ हर्ट्‌झ रुंद असतात. खालच्या स्वरांसाठी हे माप फार भरड आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्‌झला वाजते आणि तिच्या लगतचा वरचा स्वर ४३.७ हर्ट्‌झला. हे दोन स्वर केवळ पट्ट्यांवरून वेगळे ओळखायचे तर तुकडा सुमारे ०.४ सेकंदांचा लागेल, आणि तोवर वादक कुठल्या कुठे पोहोचलेला असतो. वेळ नेमकी हवी की स्वर नेमका हवा, ही ओढाताण मुळात गणितातली आहे. वेगवान संगणक आणून ती मिटत नाही. म्हणून अनेकदा दोन विश्लेषणे शेजारी शेजारी चालवतात : ठोक्यांसाठी आखूड तुकड्यांचे, स्वरांसाठी लांब तुकड्यांचे. एका वेळी एकच स्वर वाजत असेल, तर लहरीची पुनरावृत्ती मोजणाऱ्या पद्धती अधिक चपळ ठरतात. २००२ मध्ये मांडलेली ‘यिन’ ही त्यांतली प्रसिद्ध पद्धत. एकट्या गळ्यासाठी ती चांगली. अनेक स्वर एकदम आले की तिचा गोंधळ उडतो.

विश्लेषणातून निघणाऱ्या राशींत सर्वांत सोपी म्हणजे आवाजाची पातळी. पट्ट्यांतील ऊर्जा एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जाताना एकदम वाढली तर तिथे आघात झाला असे धरतात. ऊर्जेचा मध्य वर सरकला की आवाज उजळ झाला, खाली आला की मंद. स्वराची कंप्रता मिळाली तरी ती जवळच्या ठरावीक स्वराला चिकटवण्याची घाई करू नये, नाहीतर मींडेच्या जागी पायऱ्या दिसतात. पातळीची मर्यादाही पक्क्या आकड्याने ठरवणे धोक्याचे असते. रिकाम्या सभागृहातल्या तालमीत जुळवलेला आकडा प्रयोगाच्या वेळी कुचकामी ठरतो, कारण प्रेक्षक आवाज शोषतात आणि वादक मात्र जोरात वाजवतात. त्यापेक्षा गेल्या काही सेकंदांच्या सरासरीशी तुलना करणे बरे.

लयीचा माग काढणारे प्रोग्राम पुढचा ठोका कधी येईल याचा अंदाज बांधतात. त्यांची नेहमीची चूक म्हणजे लय दुप्पट किंवा निम्मी समजणे. वादक यंत्राच्या ठोक्यावर वाजवत असतील तर या अंदाजाची गरजच उरत नाही. वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या १९८३ च्या मिडी पद्धतीत प्रत्येक मात्रेला घड्याळाचे २४ संकेत येतात, त्यांवर दृश्य बांधता येते.

खरी परीक्षा असते ती विलंबाची. आखूड तुकड्याचे २३ मिलिसेकंद, सेकंदाला ६० चित्रे असतील तर एका चित्राचे १७, पडद्याच्या यंत्रणेचे आणखी २० ते ३० : सगळे मिळून ६० ते ७० मिलिसेकंद सहज होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या दूरचित्रवाणीविषयक शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर तफावत जाणवू लागते. मागाहून आला तर मात्र १२५ पर्यंत खपून जाते. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, हाच क्रम आपल्या सवयीचा आहे. उलटा क्रम खटकतो. म्हणजे दृश्याला उशीर होणे हेच जास्त वाईट. यात सभागृहाचा आकार भर घालतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा स्पीकरपासून ३४ मीटरवर बसलेल्याला तो १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. एकाच प्रयोगात पहिल्या रांगेला दृश्य रेंगाळलेले भासते, शेवटच्या रांगेला ते किंचित पुढे धावते आणि साधारण वीसेक मीटरवर बसलेल्यांना दोन्ही एकदम मिळतात. जुळणी तपासायची तर यंत्रापाशी बसून भागत नाही, सभागृहात फिरावे लागते.

कोणत्या राशीने दृश्यातले काय हलवायचे, ही जोडणी म्हणजे या कलेचा गाभा. आवाज वाढला की वर्तुळ मोठे, ही सर्वांत सोपी जोडणी आणि सर्वांत लवकर कंटाळा आणणारीही. दोन मिनिटांत प्रेक्षकाला तिचे गुपित कळते आणि पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही. कच्ची राशी थेट जोडली तर चित्र थरथरते, म्हणून चढ जलद आणि उतार संथ ठेवून ती गुळगुळीत करतात. उंच स्वराचे नाते माणसे वरच्या जागेशी, लहान आणि उजळ आकारांशी जोडतात, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. त्याचा उपयोग होतो. स्वर आणि रंग यांच्यात मात्र असा पक्का दुवा नाही. कानाचा पल्ला सुमारे दहा सप्तकांचा, तर डोळ्याला दिसणारा प्रकाश जेमतेम एका सप्तकात बसणारा. दृश्याने सगळेच ऐकू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. एखादी आकृती फक्त शांततेला प्रतिसाद देणारी, दुसरी मिनिटभराच्या सरासरीवर हळूहळू सरकणारी असली, तर ठोक्याला दिलेल्या प्रतिसादाला वजन येते.

स्वरांना रंग देण्याचा ध्यास जुना आहे. न्यूटनने सात रंगांची सांगड सप्तकाशी घातली होती. फ्रेंच पाद्री लुई बेर्त्राँ कास्तेल याने १७२५ मध्ये कळ दाबताच रंग दाखवणाऱ्या वाद्याची कल्पना मांडली, आणि अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टन याने १८९३ मध्ये रंगवाद्याचे पेटंट घेतले. रशियन संगीतकार स्क्र्याबिनच्या १९१० च्या ‘प्रोमेथ्यूस’ या वाद्यवृंदरचनेत प्रकाशासाठी वेगळी स्वरलिपीच आहे. ही सारी परंपरा इथे पूर्वपीठिका म्हणून सांगितली जाते, पण त्यांतले एकही यंत्र ऐकत नव्हते; रंग माणूसच वाजवत होता. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून संगीतावर आकृत्या हलवणारे ‘अटारी व्हिडिओ म्युझिक’ १९७७ च्या सुमारास आले, आणि संगणकावर गाणी वाजवणाऱ्या विनॅम्प या प्रोग्रामसाठी रायन गाइसने लिहिलेल्या ‘मिल्कड्रॉप’ने २००१ पासून ही गोष्ट असंख्य संगणकांवर नेली.

गोलन लेविन आणि झॅकरी लीबरमन यांचे २००३ चे ‘मेसा दी व्होचे’ हा रंगमंचीय प्रयोग म्हणजे याहून पुढचे पाऊल होते. त्यात याप ब्लोंक आणि जोन ला बार्बारा या गायकांच्या तोंडून जणू आकृत्या बाहेर पडत, आणि गायकांनी हालचालींनी त्या आकृत्यांना हाताळले की त्यांतून पुन्हा ध्वनी निघे. आवाज चित्र घडवतो आणि चित्र गायकाला पुढचा आवाज सुचवते, अशी ही दुतर्फा देवाणघेवाण असल्यामुळे दृश्य संगीताची सजावट म्हणून मागे राहत नाही.

साधनांची आज वाण नाही. मॅक्स, प्युअर डेटा, टचडिझायनर, प्रोसेसिंग आणि ब्राउझरमध्ये चालणारे हायड्रा ही प्रचलित आहेत. विश्लेषण एका संगणकावर आणि चित्र दुसऱ्यावर असेल तर दोहोंतला निरोप बहुधा ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) या संदेशपद्धतीने जातो, दिव्यांकडे डीएमएक्स या दिवे चालवण्याच्या पद्धतीने. डीएमएक्सच्या एका जोडणीत ५१२ वाहिन्या असतात.

लखलखाटाबाबत सावधगिरी हवी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटामुळे साडेसहाशेहून अधिक जणांना, बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. वेबवरील मजकुराच्या सुलभतेसाठीची तत्त्वे एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत असे सांगतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेला एक लखलखाट म्हणजे सेकंदाला दोन, तो या मर्यादेत बसतो; अर्ध्या मात्रेला दिला तर चार होतात. लय वाढवणे वादकाच्या हातात असल्यामुळे ही मर्यादा दृश्याच्या शेवटच्या टप्प्यावर, संगीत काहीही म्हणो, सक्तीने घालतात.