सात दिवे आणि जळगावचा ळ

गेल्या उन्हाळ्यात जळगावात भंगाराच्या एका दुकानात मला एक कीबोर्ड सापडला. जळालेल्या मोटारी आणि कूलरच्या जाळ्यांखाली दबलेला. हे बँडवाल्याच्या कॅसिओचंच काहीतरी असणार, असं दुकानदाराचं ठाम मत होतं. "पिन पाही ले ना भो," तो म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं. गुंडाळलेल्या वायरीच्या टोकाला माईकला असते तशी पाव इंची पिन होती. पण बटणांच्या वरच्या पट्टीत सात बारके दिवे होते. त्यांवर 'ऑन लाइन', 'लोकल', 'कीबोर्ड लॉक्ड' आणि पुढे एल १ ते एल ४ असं लिहिलेलं. तेव्हा ओळख पटली: व्हीटी १००, किंवा तिची नक्कल. पडदा मात्र कुठे गेला, ते कोणालाच माहीत नव्हतं.

व्हीटी १०० हे अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं १९७८ मधलं टर्मिनल. टर्मिनल म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत, थंड हवेत बसलेला. त्याच्याशी बोलायला हा पडदा आणि ही बटणं. एका ओळीत ८० अक्षरं, अशा २४ ओळी. आत इंटेलची ८०८० चिप होती, पण ती फक्त निरोप्याचं काम करायची.

त्या पिनेत तीन जोडण्या आहेत: एक विजेची, एक अर्थिंगची आणि तिसरी निरोपांची. या तिसरीवरूनच दोन्ही बाजूंची ये-जा चालते. टर्मिनल कीबोर्डला जो निरोप पाठवतं, तो जेमतेम एका बाइटचा, म्हणजे आठ बिटांचा. बिट म्हणजे एक 'हो' किंवा 'नाही'. चार बिट एल १ ते एल ४ या दिव्यांचे. एक 'कीबोर्ड लॉक्ड'चा. एक 'बटणं तपासायला लाग' या हुकुमाचा. एक 'टिक' आवाजाचा, कारण बटण दाबल्यावर ऐकू येणारी टिक बटणाची नसायची, कीबोर्डातल्या छोट्या स्पीकरची असायची. राहिला एक बिट, आणि दिवे मात्र दोन: ऑन लाइन आणि लोकल. एकाच बिटावर दोघे चालतात. हा पेटला की तो विझतो. त्यामुळे दोघांपैकी एक सतत जळत राहतो आणि वीज आहे की नाही, हेही त्यावरूनच कळतं. वेगळा पॉवरचा दिवा बसवायची गरजच उरली नाही. अशी काटकसर पाहिली की मला फार बरं वाटतं.

आता उलटी वाट. 'ए'चं बटण दाबलं तर कीबोर्ड 'ए' पाठवत नाही. कितव्या जागेचं बटण दाबलं गेलं, एवढंच सांगतो. शिफ्टही त्याच्या लेखी एक जागाच. या जागांवरून अक्षराचा आकडा ठरवायचं काम टर्मिनलचं. तो आकडा ॲस्की या संकेतातला. ॲस्की १९६३ मधला, सात बिटांचा, म्हणून त्यात एकूण १२८ आकडे. मोठा ए ६५, छोटा ए ९७. फरक ३२चा, म्हणजे बरोबर एका बिटाचा.

हा आकडा तारेवरून कॉम्प्युटरकडे जातो, कॉम्प्युटर तो परत पाठवतो आणि मगच अक्षर पडद्यावर उमटतं. आपण टाइप केलेलं दिसत नाही, तिकडून आलेला प्रतिध्वनी दिसतो. पासवर्ड दिसत नसे तो याच युक्तीने: कॉम्प्युटर ते आकडे परतच पाठवायचा नाही. टर्मिनल 'लोकल'वर टाकलं की तारेचा संबंध संपला, टाइप केलेलं थेट पडद्यावर.

कंट्रोलच्या बटणाची गंमत हिशेबाचीच आहे. ते अक्षराच्या आकड्यातून ६४ वजा करतं. मोठा जी ७१, म्हणून कंट्रोल-जी ७, आणि ७ म्हणजे घंटा. जुन्या टेलिप्रिंटरात ती खरीखुरी धातूची वाजायची. एम ७७, कंट्रोल-एम १३: ओळीच्या सुरुवातीला परत. १२७ हा आकडा खोडण्यासाठी राखला, कारण बिटागणिक भोकं पाडून अक्षरं साठवायच्या कागदी पट्टीवर १२७ म्हणजे सातही भोकं पाडलेली. चुकलेल्या अक्षरावर उरलेली भोकं पाडली की ते गेलं.

एल १ ते एल ४ हे दिवे दूरच्या कॉम्प्युटरच्या ताब्यात. त्याने २७, ९१, ४९, ११३ असे चार आकडे पाठवले की एल १ पेटतो. ४९च्या जागी ४८ पाठवले की चारही विझतात. कोणता दिवा कशासाठी, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं.

पण १२८ आकड्यांत आपला ळ कुठे? जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव... खानदेशाचं ळशिवाय पानही हलत नाही. (बोलताना हलतं, ही गोष्ट वेगळी. अहिराणीत शाळेची शाया होते आणि डोळ्याचा डोया. संकेत मात्र लिहिलेल्या अक्षराचा असतो, उच्चाराचा नाही.)

आठवा बिट वापरला की आकडे २५६ होतात. वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिप्या बसवल्या, त्या संकेताचं नाव इस्की. भारतीय मानक म्हणून तो १९९१ मध्ये आला. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं, कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणणारं जिस्ट तंत्रज्ञान याच वाटेचं. इस्कीत ळ म्हणजे २१०. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर इंग्रजी एनच्या बटणावर ल आणि शिफ्ट धरून ळ.

हेच इस्कीतलं 'जळगाव' सात बिटांच्या टर्मिनलकडे पाठवलं तर? आठवा बिट गळतो, म्हणजे प्रत्येक आकड्यातून १२८ वजा. ज १८६चा ५८ होतो, ते विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह. ळ २१०चा ८२, मोठा आर. ग १८१चा ५३, म्हणजे पाच. काना २१८चा ९०, मोठा झेड. व २१२चा ८४, मोठा टी. पडद्यावर जळगाव उमटतं ते ': आर ५ झेड टी' असं, गाडीच्या नंबरप्लेटसारखं. आज जगभरच्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड या संकेतात ळचा आकडा २३५५ आहे. देवनागरीची तिथली मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतली, म्हणून ळ अजूनही लच्या लगेच पुढच्या घरात राहतो.

भंगारातला तो कीबोर्ड मी चालू करू शकलेलो नाही. समोरून एका बाइटचा निरोप पाठवायला कोणी नाही. दिव्यांची जुनी तऱ्हा मात्र टिकून आहे. यूएसबी कीबोर्डलाही कॉम्प्युटर एका बाइटमध्येच कळवतो: पहिला बिट नम लॉक, दुसरा कॅप्स लॉक, तिसरा स्क्रोल लॉक. दिवा बटणाच्या दाबाने नव्हे, कॉम्प्युटरच्या निरोपाने लागतो. म्हणूनच सेतू केंद्रात सातबारा काढताना पडदा गोठला की चालवणारा पोरगा आधी नम लॉक दोनदा ठोकून बघतो. दिवा हलला तर थांबायचं, नाही हलला तर सरळ प्लग ओढायचा.