बॉनेटवरचं नाणं

कॉटन मार्केटजवळ एका मिस्त्रीकडे काकांची जुनी ॲम्बॅसिडर उभी होती. इंजिन चालू असताना मी बॉनेटवर रुपयाचं नाणं कडेवर उभं करायला गेलो. ते टुणकन खाली. मिस्त्री म्हणाला, "काय सर्कस लावली जी भाऊ?"

रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर असं नाणं उभं राहायचं, असं सांगतात. ही '४०/५०' गाडी १९०६ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात आली. १९०७ मध्ये त्यातल्या एका गाडीला चंदेरी रंग देऊन 'सिल्व्हर घोस्ट' म्हटलं गेलं. पुढे ते नाव सगळ्या मालिकेलाच चिकटलं. गंमत म्हणजे कंपनी विकायची ती नुसती चॅसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट उघडा सांगाडा. गाद्या, छप्पर, दिमाख हे सगळं गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिरांकडून करून घेई. म्हणजे कंपनीचा इंजिनिअर हेन्री रॉइस याचा खरा थाट बॉनेटखाली होता.

ॲम्बॅसिडरला चार सिलिंडर. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, मग हादरा का? पिस्टनला फिरत्या दांड्याशी, म्हणजे क्रँकशाफ्टशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात जास्त वेगाने धावतो. वरचे-खालचे हिशेब जुळत नाहीत आणि दर फेऱ्याला दोन हादरे उरतात. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत हे हादरे एकमेकांना खाऊन टाकतात.

पण सहा सिलिंडर म्हणजे लांबलचक क्रँकशाफ्ट. प्रत्येक स्फोटाला तो ओल्या टॉवेलासारखा किंचित पिळला जातो, परत उलगडतो. ठरावीक वेगाला हे पिळणं आणि स्फोटांची लय जुळली, की शाफ्ट खडखडतो आणि अखेर तुटतो. रॉइसच्या आधीच्या ३० हॉर्सपॉवरच्या गाडीत नेमकं हेच झालं. मग सिल्व्हर घोस्टसाठी त्याने तीन-तीन सिलिंडरांचे दोन ठोकळे केले, शाफ्ट जाडजूड करून सात बेअरिंगांवर टेकवला आणि तिथवर दाबाने तेल पोचवलं.

७,०३६ सीसीचं हे इंजिन जेमतेम ४८ हॉर्सपॉवर द्यायचं! आजची हजार सीसीची गाडीही त्याला मागे टाकेल. पण ते मिनिटाला बाराशेच्या आसपास फेऱ्यांत निवांत चालायचं. १९०७ च्या चाचणीत चंदेरी गाडी सुमारे १५,००० मैल धावली.

मिस्त्रीला हे सगळं सांगितलं. त्याने नाणं उचललं, खिशात टाकलं आणि म्हणाला, "सहावाली आणा, मग वापस देतो."