धुराशी शर्यत, आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात

२६ जून १९७७, रविवार. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात कोलंबिया नावाचं गाव आहे. तिथल्या मॉरी काउंटीच्या तुरुंगात कैद्यांच्या भेटीची वेळ चालू होती. तुरुंगातल्या एका खोलीच्या भिंतींना आतून फोमचं जाड अस्तर लावलेलं होतं. कैद्याने डोकं आपटून स्वतःला इजा करून घेऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्या खोलीतल्या सोळा वर्षांच्या मुलाने सिगारेटने अस्तर पेटवलं. क्षणात काळा दाट धूर निघाला. भेटायला आलेले लोक दाराकडे धावले, त्या रेटारेटीत पहारेकऱ्याला धक्का बसला आणि हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. धुरात तो सापडेना. दुसऱ्या किल्ल्या मिळवून दारं उघडेपर्यंत ४२ जण गेले होते. त्यात आठ जण केवळ भेटीला आलेले होते.

इमारत जवळपास जशीच्या तशी उभी होती. माणसं गेली ती धुराने.

याच्या पाचच दिवस आधी कॅनडातल्या सेंट जॉन शहरात पोलीस कोठडीत तशीच आग लागून २१ कैदी मेले होते. तिथेही खोलीला फोमचंच अस्तर होतं. एका आठवड्यात दोन देशांत माणसाला जपण्यासाठी लावलेल्या वस्तूनेच माणसं मारली. हे वाचल्यापासून तुरुंगातल्या आपत्ती नियोजनाचा विषय माझ्या मनातून जात नाही.

फोम इतका घातक का? गाद्या, उशा, सोफ्यांत वापरला जाणारा पॉलियुरेथेन फोम म्हणजे असंख्य हवेचे बुडबुडे असलेलं प्लास्टिक. बुडबुड्यांमुळे तो वजनाने हलका आणि पृष्ठभागाने मोठा असतो, झटकन तापतो, म्हणून तो झपाट्याने पेटतो. त्याच्या रेणूंत नायट्रोजन असतो आणि अपुऱ्या हवेत जळताना त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. सोबत कार्बन मोनॉक्साइड असतोच. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे कार्बन मोनॉक्साइडला धरतं, त्यामुळे ऑक्सिजन पेशींपर्यंत पोचतच नाही. जो थोडाफार पोचतो तो सायनाइडमुळे पेशींना वापरता येत नाही. एक विष वाट अडवतं, दुसरं दार बंद करतं. पळायला हवं हे कळतं, पण हातपाय ऐकत नाहीत.

अग्निसुरक्षेचे अभियंते दोन वेळा मोजतात. आग लागल्यापासून हवा श्वास घेण्याजोगी राहते ती एक, आणि शेवटचा माणूस सुरक्षित जागी पोचायला लागते ती दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा कमी असली पाहिजे. घरात किंवा थिएटरात ही दुसरी वेळ आपल्या पायांवर अवलंबून असते. तुरुंगात तसं नाही. तिथे कोणीतरी धूर पाहायचा, दार उघडायचं ठरवायचं, किल्ली आणायची आणि मग एकेक कुलूप काढायचं.

साधा हिशोब करून पाहू. एका मजल्यावर वीस खोल्या आहेत, प्रत्येकीला वेगळं कुलूप. योग्य किल्ली शोधून, लावून, फिरवून दार ओढायला पंधरा सेकंद धरली, तर शेवटच्या खोलीला पाच मिनिटं लागतात. फोमच्या धुरात तेवढा वेळ मिळेलच असं नाही. आपल्याकडच्यासारखी बराक असली तर कुलूप एकच, पण दारही एकच. एक मीटर रुंदीच्या दारातून सेकंदाला जेमतेम एक-सव्वा माणूस सुरळीत बाहेर पडतो. शंभर माणसांना ऐंशी ते शंभर सेकंद लागतील. त्याच बराकीत दोनशे कोंबली तर वेळ दुप्पट, आणि जळायला अंथरूण-पांघरूणही दुप्पट.

पण या सगळ्यात सर्वांत लांबणारी गोष्ट कुलूप नसते. ती असते ‘उघडू की नको’ ही घालमेल.

२१ एप्रिल १९३० रोजी ओहायो राज्याच्या तुरुंगात, कोलंबस शहरात, छताला आग लागली. कैद्यांना नुकतंच खोल्यांत बंद केलं होतं. दीड हजारांसाठी बांधलेल्या त्या तुरुंगात तेव्हा चार हजारांहून अधिक माणसं होती. गरम धूर वर चढतो, तसा तो वरच्या मजल्यांवर साचला. किल्ल्या हातात असूनही कैदी पळतील या भीतीने दारं उघडायला उशीर झाला. शेवटी काही कैद्यांनीच किल्ल्या हिसकावून घेऊन सोबत्यांना बाहेर काढलं. ३२२ जण मेले.

ब्याऐंशी वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१२ च्या रात्री, होंडुरासमधल्या कोमायाग्वा तुरुंगात तेच घडलं. सुमारे ५०० च्या जागेत ८०० हून अधिक माणसं होती. किल्ल्या असलेला पहारेकरी सापडेना, म्हणून अग्निशमन दलाचे जवान बाहेर खोळंबले. साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या कित्येकांचा गुन्हाही सिद्ध झालेला नव्हता. आत रुग्णसेवेचं काम करणाऱ्या एका कैद्याने कुलपं तोडून अनेकांना वाचवलं.

पहारेकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण कैदी पळाला तर त्याची नोकरी जाते, हे त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. धूर दिसल्यावर त्या दोन-चार क्षणांत त्याने आयुष्यभराची शिकवण उलटी फिरवावी, अशी अपेक्षा आपण ठेवतो. चांगली योजना हा निर्णय त्याच्यावर टाकतच नाही. धूर दिसला की कोणती दारं उघडायची, हे शांत डोक्याने आधीच लेखी ठरलेलं असतं.

आणि उघडायचं म्हणजे रस्त्यावर सोडायचं, असं नाही. इमारतीचे धूर अडवणाऱ्या भिंतींनी भाग पाडायचे आणि पेटलेल्या भागातली माणसं त्याच मजल्यावर शेजारच्या भागात न्यायची. रुग्णालयातही, जिथे रुग्णांना जिन्याने उतरवता येत नाही, हीच पद्धत असते. कैदी भिंतीच्या आतच राहतो आणि जिवंतही राहतो. जीव वाचवायचे की बंदोबस्त राखायचा, हा पेच बराचसा तिथेच सुटतो.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या नियमावलीत दोन तपशील मला फार मोलाचे वाटतात. अलार्म वाजल्यापासून दोन मिनिटांच्या आत कुलपं उघडायला सुरुवात करता येईल इतके कर्मचारी, इतक्या जवळ असले पाहिजेत. आणि बाहेर पडायच्या वाटेवरच्या दारांची प्रत्येक किल्ली डोळ्यांना आणि बोटांनाही वेगळी ओळखू आली पाहिजे. म्हणजे किल्लीच्या मुठीवर खाच पाडायची: पहिल्या दाराला एक, दुसऱ्याला दोन. गुडघ्यांवर रांगत, डोळे मिटून, अंगठा फिरवला की कळतं. काही रुपयांचं काम आहे हे, कानशीने होईल असं.

आपल्याकडे काय? २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जागांत ५,७३,२२० माणसं होती, आणि त्यांतले तीन चतुर्थांश न्यायबंदी, म्हणजे खटला संपायची वाट पाहणारे. तुरुंगात धोक्याची घंटा असते. उत्तरेकडे तिला ‘पगली घंटी’ म्हणतात, आणि ती ऐकली की सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतं ते पलायन किंवा दंगल. जुन्या पद्धतीत संध्याकाळची बंदी झाली की किल्ल्या बराकीजवळ राहत नाहीत, त्या कार्यालयात जमा होतात. पलायन रोखायला हे योग्यच. पण रात्री दोन वाजता बराकीत एखादी वायर पेटली तर त्या किल्लीला यायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजलेलं असायला हवं.

आगीइतकीच गर्दी साथीलाही पोसते. मे २०२० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात, जिथली अधिकृत क्षमता तेव्हा ८०४ होती, कैदी आणि कर्मचारी मिळून शंभरावर जणांना करोनाची लागण झाली. तिथे क्षमतेच्या कितीतरी पट माणसं होती. तेव्हा राज्यातल्या हजारो कैद्यांना तात्पुरत्या जामिनावर आणि पॅरोलवर सोडलं गेलं, नव्यांना ठेवायला शाळा-वसतिगृहांच्या इमारती घेतल्या गेल्या. हेही शेजारच्या भागात हलवणंच होतं, फक्त मिनिटांऐवजी आठवड्यांच्या वेगाने. आणि साथ आठवडे देते, धूर देत नाही.

म्हणून सराव रात्रीचा हवा. दिवे बंद, मोजके पहारेकरी, अधीक्षक घरी, हातात खरा जुडगा. बराकीतल्या माणसांनाही आधी सांगून ठेवायचं: ओलं फडकं नाकाला, खाली वाका, म्हातारे आणि आजारी पुढे, रांग कुठे करायची ते. मग घंटा द्यायची आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. पहिल्यांदा आकडा वाईट येईल. तो वहीत लिहायचा, आणि महिन्याभराने पुन्हा दिवे बंद करायचे.