अतिवृद्धांमधील नैराश्य आणि जीवनगुणवत्ता (खानदेश)

ऐंशी व त्यापुढच्या वयाला सामान्यतः अतिवृद्धावस्था म्हणतात. या वयात जडणारे नैराश्य आणि स्वतःच्या जगण्याविषयी माणसाला वाटणारे समाधान, यांचा विचार येथे जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरता केला आहे. नैराश्य हा म्हातारपणाचा अटळ भाग नाही. तो आजार आहे आणि पंच्याऐंशीव्या वर्षीही उपचारांनी बरा होऊ शकतो. तरीही तो पुष्कळदा ओळखलाच जात नाही, कारण घरच्यांचे आणि कधीकधी डॉक्टरांचेही उत्तर तयार असते : ‘वय झालं, आता असंच व्हायचं.’ उपचारांच्या आड येणारी सर्वांत मोठी अडचण हे वाक्यच आहे.

ओळख : या वयातले नैराश्य रडण्यातून क्वचितच दिसते. तक्रार शरीराची असते. अंग दुखते, छातीत जडजड वाटते, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. अहिराणी बोलणारी आजी ‘माले काही गोड लागस नही’ एवढेच म्हणते, मग सून भाजी बदलून पाहते. पण आवडीचे भरीत पानात तसेच राहू लागले, रोजची पोथी उघडायची थांबली, पणतू मांडीवर येऊन बसला तरी हात त्याच्या डोक्यावर जाईना आणि हे दोन आठवडे टिकले, तर तपासणी करायलाच हवी. थायरॉइडची कमतरता, जीवनसत्त्व बी-12 ची कमतरता, रक्तक्षय, पक्षाघात, कंपवात किंवा चालू असलेली एखादी गोळी यांमुळेही असे होते, म्हणून आधी रक्त तपासावे आणि औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी. नैराश्यात विसरभोळेपणाही वाढतो. तो स्मृतिभ्रंश समजून सोडून दिला, की बरा होणारा माणूस तसाच राहतो. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

निदानाला मदत म्हणून ‘होय-नाही’ उत्तरांची वृद्ध नैराश्य मापनश्रेणी जगभर वापरतात. 1980 च्या दशकाच्या आरंभी ती 30 प्रश्नांची होती. 1986 मध्ये 15 प्रश्नांचे छोटे रूप आले. त्यातला एक प्रश्न बाहेर पडण्यापेक्षा घरी राहणे बरे वाटते का, असा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा धडधाकट माणूसही याला ‘होय’ म्हणेल. म्हणून कागदावरच्या गुणांवर थांबू नये. शक्य असेल तर प्रश्न अहिराणीत, लेवा बोलीत किंवा सातपुड्यात भिली-पावरीत विचारावेत आणि उत्तर यायला वेळ द्यावा.

जीवनगुणवत्ता : जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, आपल्या संस्कृतीत आणि मूल्यांच्या चौकटीत माणसाला स्वतःचे जगणे कसे वाटते, ती त्याची जीवनगुणवत्ता. वृद्धांसाठीच्या तिच्या प्रश्नावलीत डोळे-कान, स्वतःचे निर्णय स्वतः घेणे, आजवरचे आणि पुढचे काम, लोकांत मिसळणे, मृत्यूचा विचार आणि जिव्हाळा असे सहा भाग आहेत. दुखणी असूनही समाधानी असणारे ऐंशीपुढचे लोक पुष्कळ भेटतात. नैराश्य आले की मात्र हे समाधान झपाट्याने ओसरते.

खानदेशी घरात या सहांपैकी ‘काम’ फार मोलाचे ठरते. उन्हाळ्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) करताना दादर ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटतो. तो शिजला की नाही, तीळ-लसूण पुरेसे पडले की नाही, हे खाटेवरून सांगणारी आजी त्या दिवशी घरातली जाणती असते. तिला कमी दिसते म्हणून हळूच बाजूला केले, पुढे विचारणेच थांबवले, तर तिच्या मनातून आपली गरज संपल्याचे जात नाही. आराम द्यावा या चांगल्या हेतूनेच हे बहुधा घडते. मोतीबिंदू आणि बहिरेपण माणसाला असेच बाजूला सारतात. सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल येतो, पण ऐकू न येणाऱ्या आजोबांच्या हातात नुसता हलता चेहरा राहतो. वेळेवर केलेली शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र हेही म्हणून मनाच्या उपचारांतच मोडते. नंदुरबारच्या पाड्यांवर परिस्थिती आणखी बिकट आहे. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मागे म्हातारी माणसे व लहान मुले उरतात. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात तेव्हा घर भरते. त्या परत निघाल्यानंतरच्या आठवड्यांत म्हाताऱ्या माणसाकडे विशेष लक्ष ठेवावे.

उपचार : औषधे कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ‘फरक नाही’ म्हणून घरचे तिसऱ्या आठवड्यातच गोळी बंद करतात, ते टाळावे. काही औषधांनी रक्तातले सोडियम उतरते आणि गोंधळलेपण येते, तोल जातो, म्हणून रक्ततपासणी लागते. झोपेच्या गोळीवर दिवस ढकलू नयेत. पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका तिने वाढतो. गोळीच्या जोडीला समुपदेशन, सकाळी ओट्यावर बसणे, रोजचे एक ठरलेले काम यांचाही उपयोग होतो.

‘देव उचलत नाही’ हे म्हातारपणी सहज तोंडी येणारे बोलणे असले तरी ते कानाआड करू नये. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. कपाशीच्या फवारणीचे औषध खानदेशात घरोघरी असते. ते कुलपात आणि राहत्या खोल्यांपासून दूर ठेवावे.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय दूरध्वनी सेवेची मोफत मदत 14416 वर, तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 वर मिळते. धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. तरी नंदुरबारमधल्या अक्राणी तालुक्याच्या डोंगरातून रस्त्यापर्यंत येणेच पुष्कळांना जमत नाही. अशा ठिकाणी आशा कार्यकर्तीच्या घरभेटीचा मोठा आधार ठरू शकतो. तिने सुनेचीही चौकशी करावी, कारण नव्वदीच्या सासूला उठवणारी-बसवणारी सून अनेकदा स्वतःच साठी ओलांडलेली, गुडघे धरून चालणारी असते.